थोरलीचा अर्ज

पोलीस ठाण्यासमोरच्या जिन्याखाली टेबल टाकून मी एकोणीस वर्षं लोकांचे अर्ज लिहिते. माझा अर्ज कधी परत येत नाही, हे मी घरी इतक्या वेळा सांगितलंय की आमचे हे आता नुसत्या भुवया उडवतात.

त्या सकाळी ती आली तेव्हा तिचा वरचा ओठ सुजून पार नाकाला टेकला होता. वय पंचेचाळिशीच्या आसपास, हातात भाजीची पिशवी. असले ओठ मी पुष्कळ पाहिलेत. त्यांच्यासाठी माझ्याकडे तीन परिच्छेद तयारच असतात.

"नवरा?" मी कागद ओढत विचारलं.

"नवरा असता तर तुमच्याकडे कशाला आले असते? सासूकडे गेले असते."

"मग कोण?"

"गिऱ्हाईक."

"दुकान कसलं तुमचं?"

तिनं पिशवी टेबलावर ठेवली. "ताई, एवढं लिहिता, तर कधी समोरचा माणूसही वाचत जा."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. मी शाई नसलेलं बोट उगाच पदराला पुसलं.

तिला सगळे थोरली म्हणत. ती आणि धाकटी एका खोलीत राहत. बहिणी नव्हत्या, पण भांडणं सख्ख्या बहिणींसारखी. एकीकडे गिऱ्हाईक असलं की दुसरी स्वयंपाकघरात थांबायची. आतून "पाणी आण" अशी हाक आली की लाटणं घेऊन दार ढकलायचं. म्हणून खोलीच्या दाराची आतली कडी त्यांनी उपटूनच टाकली होती. त्या दिवशी धाकटी दाढ काढायला गेली होती, आणि त्या माणसाला ते ठाऊक होतं. जाताना म्हणाला, शनिवारी दुपारी येतो, तेव्हा धाकटीला तयार ठेव.

"तो शनिवारी यायला नको, एवढंच लिहा," थोरली म्हणाली. "त्याच्या मोटारसायकलचा नंबर आहे माझ्याकडे."

एवढंच लिहायचं, तर मी कशाला हवी? मी लिहिलं, 'आम्ही दोघी सुरक्षिततेसाठी एकत्र राहतो व एकीकडे गिऱ्हाईक असताना दुसरी पहारा देते.' 'पहारा' या शब्दावर तर मी बेहद्द खूश होते. तिला मोठ्यानं वाचून दाखवलं.

"हे जरा जास्त नाही होत?"

"तपशिलानं अर्जाला वजन येतं," मी म्हणाले. "एकोणीस वर्षं लिहितेय."

कौतुक ऐकायला मिळेल म्हणून मी तिच्याबरोबर आतही गेले. साहेबांनी अर्ज वाचला, लाल पेन काढलं आणि गाडीचा नंबर सोडून 'दोघी' या शब्दाखाली रेघ ओढली.

"एका खोलीत दोघी म्हणजे कायद्यानं अड्डा झाला. एकटी असतीस तर गोष्ट वेगळी."

"एकटी होते म्हणून तर मार खाल्ला, साहेब."

"ते तुझं तू बघ. हा अर्ज घेतला तर मला खोलीवरही कारवाई करावी लागेल. सील ठोकावं लागेल. घरमालकाचं नाव काय?"

थोरलीनं माझ्याकडे पाहिलं. मी छतावरच्या पंख्याची पाती मोजत होते. तीनच होती, तरी मला पुष्कळ वेळ लागला.

तिनं अर्ज परत घेतला. बाहेर आल्यावर शिव्या घालील म्हणून मी तयार होते. ती म्हणाली, "अक्षर मात्र सुरेख आहे हो तुमचं." त्यापेक्षा थोबाडीत दिली असती तर बरं झालं असतं.

शनिवारी दुपारी टेबल बंद करून मी त्यांच्या खोलीवर गेले. आत दोन खाटा, मध्ये दोरीवर पडदा; दारातच स्वयंपाकघर, गॅसवर डाळ. धाकटीचा गाल अजून सुजलेला.

"या, ताई. आम्ही दोघी जोडीनं सुजतो," ती म्हणाली. "एकीला गिऱ्हाईक, एकीला दंतवैद्य."

मी दारापाशी स्टुलावर बसले, मांडीवर कागद, कानाला पेन. म्हटलं, सरकारी बाई वाटेन. जिन्यात बूट वाजले, आणि नाव-पत्ता विचारायचं मी घोकून ठेवलं होतं ते साफ विसरले. दार उघडून तो म्हणाला, "ही म्हातारी कोण?"

मी एकेचाळीस वर्षांची आहे. भीती गेली आणि राग आला. मी दार लावायला गेले, त्यानं ते माझ्या खांद्यावर जोरात ढकललं आणि मी डाळीच्या भांड्यासकट आडवी झाले. धाकटीनं लाटणं उचललं, थोरलीनं अशी बोंब ठोकली की चारही मजल्यांवरची दारं उघडली. तो पळाला.

मी तशीच डाळीनं माखलेली ठाण्यात गेले. या वेळी अर्ज चार ओळींचा, माझ्या नावाचा.

"तुम्ही तिथे काय करत होता?" साहेबांनी विचारलं.

"अर्ज लिहायला गेले होते."

"कुणाचा?"

"गिऱ्हाइकाचं नाव मी सांगत नसते, साहेब."

साहेबांना सगळं कळलं होतं. पण माझ्या अर्जात दोघी नव्हत्या. एकच बाई होती, आणि तिचा नवरा बँकेत होता. शिक्का बसला. गाडीच्या नंबरावरून त्याला त्याच संध्याकाळी उचललं.

दुसऱ्या दिवशी मी मोठ्या तोऱ्यात सांगायला गेले. थोरली ओठ धरून हसली. "म्हणजे मी मार खाल्ला तो फुकट, आणि तुम्हाला दार लागलं तो गुन्हा!"

धाकटी मात्र हसली नाही. ती गादी गुंडाळत होती. माझ्या पहिल्या अर्जामुळे या खोलीत दोघी राहतात हे साहेबांना कळलं होतं, आणि त्यांचा शिपाई सकाळीच येऊन घरमालकाला 'दोघी एकत्र नकोत' असं बजावून गेला होता. आता तिनं मागच्या गल्लीत वेगळी खोली घेतली होती.

"तिथे बरोबर कोण?" मी विचारलं.

"कोणी नाही. आता मी अगदी कायद्यानं राहणार."

"मी येऊन बसेन स्वयंपाकघरात."

"रोज?"

मी मनात कामाचे दिवस, घरचं, ह्यांच्या भुवया असा सगळा हिशेब केला. "मंगळवारी नक्की. शनिवारीही, जमलं तर."

"छान. मग बाकीचे दिवस मार खायला मी मोकळी," धाकटी म्हणाली आणि भांड्यांनी भरलेली बादली माझ्या हातात दिली.