केतकीताईंचं बाळ आणि अमेरिकेची घटना

काळजीच्या घरात किस्से फार होतात, हे मला लग्नानंतर कळलं. सुखात असताना माणसं नीट, पूर्ण वाक्यात बोलतात. घाबरली की काहीही बोलतात, आणि ते सगळं गप्प बसणाऱ्या नव्या सुनेकडे साठत जातं!

आमची काळजी एकच. माझ्या नवऱ्याची, अमेयची, मोठी बहीण केतकीताई डॅलसला असतात. त्यांचा नवरा निखिल वर्क व्हिसावर, ग्रीन कार्ड अजून रांगेत, आणि ताईंना दिवस गेलेले. अशात तिकडच्या अध्यक्षांनी हुकूम काढला, की तात्पुरत्या व्हिसावरच्या आईबापांचं मूल अमेरिकेत जन्मलं तरी ते नागरिक नाही. घटना म्हणते, इथे जन्मला तो इथला. अध्यक्ष म्हणतात, सगळेच नाहीत. मधे ताईंचं पोट!

*

माझ्या बायोडेटात ‘बी.ए., एल.एल.बी.’ लिहिलं होतं. त्यावर सासूबाईंनी तेव्हा एकच प्रश्न विचारला होता, “म्हणजे भांडते का?” मी नाही म्हटलं. लग्न ठरलं.

हुकूम निघाला तेव्हा मी इथे जपानात, एदोगावात, घराखालच्या कोम्बिनीत, म्हणजे चोवीस तासांच्या दुकानात, ब्रेड घेऊन रांगेत उभी. नाशिकहून सासूबाईंचा फोन.

“सायली, तू वकील ना गं? त्या अध्यक्षाला असं करता येतं का?”

“आई, घटनेने त्यांच्या अधिकाराला मर्यादा घातल्यात, त्यामुळे...”

“करता येतं की नाही, ते सांग.”

“येऊ नये.”

“येऊ नये काय! दूधही उतू जाऊ नये. जातंच की!”

कॉलेजात अमेरिकेची घटना आम्हाला तुलनेपुरती होती. एवढा अचूक आक्षेप तेव्हा कुणी घेतला नव्हता.

*

अमेय सॉफ्टवेअरवाला. त्याला मी सांगितलं, हे नागरिकत्व चौदाव्या दुरुस्तीत आहे.

“दुरुस्ती म्हणजे पॅच,” तो म्हणाला. “मग पॅच रोलबॅक होतो, मागे घेता येतो!”

“एकट्या अध्यक्षांना नाही करता येत. त्यांची संसद, म्हणजे काँग्रेस लागते, राज्यं लागतात.”

“म्हणजे ॲडमिन ॲक्सेस त्यांच्याकडे नाही?”

“नाही.”

“मग त्यांनी केलं कसं?”

“त्यांना वाटतं, आहे.”

अमेयचा चेहरा पडला. “आमच्या क्लायंटलाही असंच वाटतं,” तो म्हणाला. “आणि दर वेळी वीकेंड आमचा जातो!”

*

आमच्या खालच्या मजल्यावर ओकुदा-सेन्सेई राहतात. आयुष्यभर कॉलेजात अमेरिकन घटना शिकवून निवृत्त झालेले. माणूस इतका सावध की “आज पाऊस आहे” म्हणायच्या आधी हात बाहेर काढून बघतो.

त्याच सुमाराला बिल्डिंगच्या मॅनेजरने कचऱ्याच्या जागी नोटीस लावली, की प्लॅस्टिकच्या बाटल्या आता गुरुवारऐवजी सोमवारी ठेवायच्या. सोमवारी ट्रक आलाच नाही. वॉर्डाच्या वेळापत्रकात गुरुवारच होता. सेन्सेई खूश! मला नोटिशीपुढे उभं करून सावकाश इंग्रजीत शिकवू लागले.

“बघा सायली-सान. दिवस ठरवण्याचा अधिकार वॉर्डाचा. मॅनेजर नोटीस लावू शकतो, पण त्या नोटिशीने ट्रक येत नाही. हीच घटनात्मक मर्यादा!”

मला एकदम हलकं वाटलं. “म्हणजे नोटीस रद्दच?”

“हो. कुणीतरी तक्रार करील, बैठक होईल, मग रद्द होईल.”

“आणि तोपर्यंत बाटल्या कुठे ठेवायच्या?”

सेन्सेईंनी बराच विचार केला. मग कमरेत वाकून म्हणाले, “तुमच्या घरात.”

*

अमेयच्या ऑफिसातल्या जोशींची बायको युको-वहिनी जपानी आहे. मराठी मात्र साताऱ्याच्या सासूकडून शिकलेली, त्यामुळे बोलणं खणखणीत.

“आमच्यात जन्म कुठं झाला ते कुणी विचारत नाही,” त्या म्हणाल्या. “आईबाप कोण, ते बघतात. तुझं बाळ इथं झालं तरी भारतीयच.”

“मला कुठे बाळ आहे, वहिनी!”

“मग सावकाश होऊ दे. आधी नणंदेचं कुठलं ठरतंय ते कळू दे!”

हा सल्ला मी नाशिकला कळवला नाही.

*

तिकडच्या एका कोर्टाने हुकूम थांबवला तेव्हा सासूबाईंनी सोसायटीत जिलबी वाटली. पुढे सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की एका न्यायाधीशाने सगळ्या देशासाठी स्थगिती देणं बरोबर नाही. हुकूम लागू व्हायला महिन्याभराची मुदत दिली. जी राज्यं कोर्टात गेली नव्हती तिथे मग काय, ते कुणालाच कळेना. ताईंचं टेक्सास गेलेलं नव्हतं!

मी हे घाबरत घाबरत फोनवर समजावलं. सासूबाई हळूच म्हणाल्या, “जिलबी मी सगळ्या मजल्यांवर वाटली गं. आता काय करू?”

*

त्या मुदतीतच ताईंचं डोहाळजेवण आलं. झूमवर. डॅलसला शनिवारची संध्याकाळ, आमच्याकडे रविवारची सकाळ, नाशिकला पहाट. सासूबाई पैठणी नेसून, नथ घालून बसलेल्या. ताई फुलांच्या दागिन्यांत, समोर झाकलेल्या दोन वाट्या, एकीत पेढा, एकीत बर्फी. चेहरा मात्र रडून सुजलेला.

कारण आदल्या दिवशी निखिलने विषय काढला होता. आठवा लागलाय, मुदतीच्या आत सिझेरियन करून घेऊ, म्हणजे नागरिकत्वाचा प्रश्नच नाही. डॉक्टर म्हणत होते, बाळाची फुप्फुसं अजून तयार नाहीत.

“गुरुजींनी मुहूर्त काढून दिलाय,” सासूबाई म्हणाल्या. “पुढचा गुरुवार.”

“डेडलाइनच्या आत बसतो, आई!” निखिल म्हणाला. “वहिनी, तुम्ही लॉयर. कोर्ट वेळेत थांबवेल का? नाहीतर मी गुरुवार बुक करतो.”

सगळे चौकोन माझ्याकडे बघू लागले. अमेयसुद्धा. लग्न झाल्यापासून फॅमिली कॉलवर मी कायम म्यूट असते.

बटण दाबलं.

“कोर्टाचं मला सांगता येणार नाही,” मी म्हटलं. “अध्यक्षांनी सही केली. गुरुजींनी वेळ काढली. पण ऑपरेशनच्या कागदावर सही केतकीताईंची लागते. त्यांना कुणी विचारलंय का?”

नाशिकला कुठेतरी कोंबडा आरवला.

“हिचा माइक चालतो होय!” सासूबाई म्हणाल्या.

ताई फसकन हसल्या. मग दोन्ही वाट्यांवरची झाकणं उडवली, पेढा तोंडात टाकला, पाठोपाठ बर्फी. भरल्या तोंडाने म्हणाल्या, “डॉक्टरांनी दिलेली तारीख आहे ना? तीच राहणार. आई, तू आता जरा पड.”

“अगं, पण पासपोर्ट?” निखिल कळवळला.

“कुठलाही मिळू दे. फोटोत बाळ गुटगुटीत दिसलं पाहिजे!”