पहिल्या ओळीतली लाँच

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. घरात नाही, देवासमोर नाही — तिथे तर मुळीच नाही. तुम्हाला सांगते आहे, कारण... कारण काही नाही. सांगते आहे.

मी कामाची बाई. सकाळी दिवसाची यादी करते, झालेल्या कामापुढे खूण करते. सगळ्या खुणा झाल्या की मला शांत झोप लागते. तेव्हाही लागायची. मालवणच्या किनाऱ्यावरच्या एका मच्छीमार सोसायटीची मी व्यवस्थापक होते. ऐंशीचं दशक सरत आलं होतं आणि आमच्याकडे कम्प्युटर आला होता — मीच हट्टाने आणवलेला. सभेत म्हातारे हसले होते. "बाईनू, ह्येका पोवूक येता काय?" म्हणजे, याला पोहता येतं का?

त्यावर कुठली लाँच समुद्रात आहे, कुठली परत आली, ते दिसायचं. आमच्याकडे दर्यावर जाणाऱ्याला 'खंय चललंस, कधी येतलंस' असं विचारत नाहीत, आणि गेलेल्याची चौकशी घरच्यांनी तोंडाने करायची नसते. अपशकुन. म्हणून नोंदही न विचारता व्हायची: बर्फ उचलला की लाँच समुद्रात, मासळी काट्यावर आली की परत. मला ही पद्धत फार सोयीची वाटायची.

प्रोग्रॅम लिहिणारे देसाई कोल्हापूरहून येत. ते काही बदलून गेले की सगळं नीट चालतं का, हे मला माऊसने जागोजागी दाबून तपासावं लागे. वेळ जाई. मग त्यांनी सोय करून दिली — मी एकदा तपासणी करायची, यंत्र माझं प्रत्येक दाबणं लक्षात ठेवणार आणि पुढच्या वेळी तसंच्या तसं आपोआप करणार. पडद्यावर अगदी वरच्या ओळीत 'चाचणी' नावाची खोटी लाँच ठेवली होती. बाण आपला आपण तिच्यावर जायचा, 'परत आली' दाबायचा. मी तोवर चहा घ्यायची. देसाई म्हणाले होते, "बाई, त्याला दिसत काही नाही हं. तुमचा हात जिथे गेला होता, तिथे ते जातं. समोर बसत जा."

बसले का मी? ओळखलंच असेल तुम्ही.

मे संपत आला होता. देसाईंनी नवा बदल केला — जी लाँच सर्वांत जास्त दिवस बाहेर, ती सगळ्यात वर. चांगलाच बदल. तपासणी नव्याने रेकॉर्ड करा, असं बजावून ते गेले. मी सकाळी जुनीच चालवली, बर्फ बघायला निघून गेले, आणि परत येऊन कामापुढे खूण केली.

पहिल्या ओळीत आता आमच्या एका सभासदाची, बाबीची लाँच होती.

दुपारी बाबीची बायको कमल आली. दाराबाहेरच उभी. विचारणं तिच्या जिवावर आलं होतं.

"बाईनू, आमच्या घरची लाँच इली काय?"

"इली गो. हयसर दिसता मां."

"मगे ते घराक कित्याक नाय इले?"

"आता ता माका इचारतंस? बसले आसतले खंयतरी बाटली घेवन!"

ती ओशाळून हसली. "तुमची पेटी खोटा थोडीच सांगतली," म्हणाली, आणि गेली.

थोड्याच वेळात बंदरावर वादळाचा बावटा चढला. दोन लाँचवाले आले. कोणी बाहेर असेल तर आत्ताच जाऊन ओढून आणू, म्हणाले. लाँच खाडीभर कुठेकुठे नांगरलेल्या, नुसत्या नजरेने कळायचं नाही. मी पडद्याकडे पाहिलं. "सगळे इले," म्हटलं. ते घरी गेले.

तुम्हाला वाटेल, हाच माझा अपराध. नाही — तो पुढे आहे.

ते गेल्यावर मी पडदा खाली सरकवला. 'चाचणी' अजून समुद्रातच होती. मग सकाळी परत आलं होतं कोण?

वारा अजून उठला नव्हता. पाणी शिशासारखं, निपचित. कावळेसुद्धा गप्प. त्या दोघांची घरं हाकेच्या अंतरावर होती. आणि मी काय केलं? आधी बाबीची नोंद पुसून 'समुद्रात' केली. मग खुर्चीत बसून राहिले. येईल तो, म्हटलं. आपणहून येईल. म्हातारे हसतील — मनात एवढंच होतं. खरंच एवढंच. मग खिडक्या आपटायला लागल्या.

बाबी आणि त्याचा खलाशी आले नाहीत. लाँचच्या फळ्या तेवढ्या शिरोड्याच्या किनाऱ्याला लागल्या.

'सगळे इले' असं का सांगितलंत, हे मला विचारलं गेलं. कम्प्युटर तर बरोबर दाखवत होता. मी म्हटलं, "कमल येऊन गेली होती. तिच्या बोलण्यावरून मला वाटलं, बाबी आला." कमल रडत सगळ्यांना सांगू लागली, "मी इचारूक गेल्लंय! इचारूक!" पण तिथेच घात झाला. दर्यात असलेल्या माणसाची चौकशी हिने केली, तोंडाने केली, बावटा चढायच्या आधी केली — पुढचं, मी तिला काय सांगितलं ते, कुणी ऐकलंच नाही. सासूने तिच्याशी बोलणं टाकलं. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. एका वाक्याने मी ते थांबवू शकत होते. मी माना हलवणाऱ्यांत उभी होते.

तिचा मुलगा आता कणकवलीला कॉलेजात जातो. एसटीला उशीर झाला तरी कमल कुणाला काही विचारत नाही, स्टँडवर नुसती उभी राहते. परवा कसालजवळ झाड पडून गाड्या अडकल्या. मला फोनवर कळलं होतं. तिला सांगावं म्हणून मी जवळ गेले.

"नको बाईनू," ती घाईघाईने म्हणाली. "काय सांगू नकात. माका काय इचारूचा नाय."

मी तिच्या शेजारी उभी राहिले, आणि तेही सांगितलं नाही.