चार उत्तरं

माझ्या नातीला चार उत्तरं येतात. ती मी शिकवली. चौथीतून पळालेला माणूस मी, पण हट्टाला पेटलो तर दगडालाही बोलायला लावीन, अशी माझी घमेंड होती.

पोर नऊ वर्षांची. आईबाप वीटभट्टीवर, म्हणून ती आम्हा म्हाताऱ्यांजवळ, सूर्यमाळच्या पाड्यावर. बोलायची फार थोडं. शाळेत गलका झाला की कान दाबून बाकाखाली शिरायची, स्वतःचं मनगट चावायची. लोक म्हणाले, बाहेरचं असेल, भगताकडे ने. मी म्हटलं, माझ्या घरात खोट नाही.

मग शाळेत आठवड्यातून एक दिवस एक बाई यायला लागल्या, अशाच मुलांना शिकवणाऱ्या. त्या तिच्याबरोबर बाकाखाली बसायच्या. खाली, धुळीत, चांगल्या साडीनिशी. दोन महिन्यांत पोर त्यांचा पदर धरून बाहेर यायला लागली.

बाई मला म्हणाल्या, "बाबा, शाळेत बसायचा हक्क तिचा आहे, तो कोणी काढून घेऊ शकत नाही. पण रोज तिच्याजवळ बसणारं माणूस मागायचं तर जव्हारला तपासणी करून दाखला आणावा लागेल. नाव, गाव, रंग, बोटं असलं विचारतील. येत नाही ते येत नाही असंच दिसू द्या."

"म्हणजे चारचौघांत माझ्या नातीला वेडी ठरवू?"

"वेडी कोण म्हणतंय? तिला मदत लागते, एवढंच लिहितात."

मी मान डोलावली आणि घरी येऊन उलटंच केलं. आमची खोड जुनी आहे. पूर्वी पोरांची वजनं घ्यायला साहेब यायचे, तेव्हा आम्ही काट्यावर ठेवायच्या आधी पोरांना नागलीची पेज तुडुंब पाजायचो. पोर हलकं भरलं की आईला बोलणी बसायची. साहेबासमोर पोर धड दिसलं पाहिजे, हे आमच्या हाडात गेलंय.

महिनाभर मी धान्याची कणगी विणायला बसलो की तिला समोर बसवायचो. बांबूची एक पट्टी खाली, एक वर, आणि एकेक उत्तर. नाव. गाव. लाल. पाच. चौथं आलं की "शाब्बास माझे वाघिणी!" म्हणून बांबूची गुंडाळलेली साल तिच्या तळहातावर ठेवायचो. ती साल कानाशी धरून ती हसायची.

म्हातारी म्हणायची, "स्वतः शाळेतनं पळाला, नि आता मास्तर झालाय बघा."

जव्हारला मी तिला लाल रिबिनी बांधून नेलं. डॉक्टरांनी नाव विचारलं, गाव विचारलं, रिबिनीला बोट लावून रंग विचारला, हाताची बोटं मोजायला लावली. पोरीने माझ्या हातांकडे बघत चारही सांगितली.

"छान बोलते की! लाजाळू आहे जरा. दाखल्याची गरज नाही."

एसटीत मी छाती काढून बसलो होतो. बाईंना सांगितलं तेव्हा त्या रागावल्या नाहीत. नुसत्या म्हणाल्या, "बाबा, तुम्ही तिचं दुखणं झाकलंत."

दाखला नाही म्हणून माणूस नाही. पुढं बाईंची बदली झाली, जागा रिकामीच राहिली. पोर पुन्हा बाकाखाली गेली.

एक दिवस मी तिला आणायला शाळेत गेलो. बाकाखालून तिचा आवाज येत होता, मी शिकवलेली तीच चार उत्तरं. नाव, गाव, लाल, पाच. पुन्हा नाव, गाव, लाल, पाच. भोवती पोरं टाळ्या वाजवून तिच्याबरोबर म्हणत होती. मनगटातून रक्त आलेलं. मी तिला उचललं. घरापर्यंत ती माझ्या खांद्यावर तेच म्हणत राहिली. भ्यायली की आधी ती आईला हाक मारायची. आता हे म्हणते.

त्यानंतर मीच अर्ज लिहवून घेतला, पुन्हा तपासा म्हणून. अंगठा नाही, सही केली.

या वेळी डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी पोरीला जवळ घेतलं. "सकाळी काय खाल्लंस गं?"

पोरीने स्वतःचं नाव सांगितलं.

"कोणाबरोबर आलीस?"

"सूर्यमाळ."

"भीती वाटते का तुला?"

"लाल."

डॉक्टरीणबाईंनी तिचं मनगट हातात घेतलं, हळूच विचारलं, "इथं दुखतं?"

"पाच."

डॉक्टरीणबाईंनी मान खाली घातली आणि लिहायला लागल्या. दाखला मिळणार, हे मला कळलं. पोर माझ्याकडे वळली. चारही झाली होती. तिने तळहात पुढे केला.

मी खिसे चाचपले. साल आणलीच नव्हती. मी माझा हात तिच्या तळहातावर ठेवला. तिने तो बाजूला सारला, तळहात तसाच पुढे धरला, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. आपलं नाव.