दुसऱ्या खेपेची उत्तरं

माणसाचा उतावीळपणा मोजता येतो, असं छातीठोकपणे सांगणारी सबंध भंडारा जिल्ह्यात एकच बाई आहे, आणि ती माझी धाकटी नणंद आहे. तिच्या स्वतःच्या अंगात उतावीळपणा औषधालाही नाही. साडी घ्यायची तर ती साकोलीच्या दुकानात आधी नुसती बघायला जाते, मग विचार करायला घरी येते, आणि तोवर साडी विकली गेली की ‘बरं झालं, मन बसतच नव्हतं’ म्हणते. कुकरची शिट्टी झाली तरी गॅस लगेच बंद करत नाही. शिट्टी आपल्याच कुकरची होती ना, याची आधी खात्री करते. तिच्या हातचा भात आम्ही करपलेलाच खातो. अशा बाईने पीएचडीसाठी उतावीळपणा मोजणारी इंग्रजी प्रश्नावली मराठीत आणायला घेतली. ‘विचार न करता बोलून टाकता का?’ या एका वाक्यावर तिने अख्खा उन्हाळा काढला. माझे सासरे म्हणाले, “एवढ्यात तं उन्हाळी धान निघते बाई.”

प्रश्नावली भरवशाची आहे हे दाखवायचं, तर त्याच माणसांना काही दिवसांनी तेच प्रश्न पुन्हा विचारायचे आणि उत्तरं जुळली पाहिजेत. तिची सगळी पीएचडी या जुळण्यावर अडकली होती. प्रश्न विचारायला सानगडी या गावी मीही तिच्यासोबत गेले. पहिल्या खेपेला सगळं गाव शांत, समंजस निघालं. दुसऱ्या खेपेला तीच माणसं भडक डोक्याची झाली होती. रागात बोलून टाकता का, याला ‘कधीच नाही’ म्हणालेल्या एक काकू आता ‘रोजच’ म्हणाल्या. नणंदेने कारण विचारलं.

“पयल्या खेपेले तू पाव्हनी होतीस बाई. पाव्हनीले कोनी घरची भांडनं सांगते का? आता ओळख झाली, म्हून खरं सांगून राहिली.”

मार्गदर्शक सरांनी सुचवलं, बदललेली उत्तरं गाळून टाका. ती म्हणाली, “सर, खरं बोलले त्यांनाच गाळू का?” सानगडीचे आकडे तिने प्रबंधात जसेच्या तसे लिहिले आणि करडी नावाच्या दुसऱ्या गावात नव्याने सुरुवात केली. तिथे आधी धानाची रोपं लावणाऱ्या रोवणीच्या बायांसोबत चिखलात उतरली, त्यांच्या घरी जेवली, राहिली. प्रश्नावली फार उशिरा काढली. उत्तरं जुळली, पीएचडी झाली, आणि तिला लांबच्या कॉलेजात नोकरी लागली.

निघायच्या सकाळी बॅगा दारात असताना तिने माझ्यापुढे प्रश्नावली ठेवली. “वहिनी, तुम्ही राहूनच गेल्या.” मी भराभर खुणा केल्या. राग नाही, घाई नाही, तोंडून कधी वावगा शब्द नाही. तिने वाचलं आणि हळूच म्हणाली, “तुम्ही या घरात अजून पाहुण्याच आहात का वो?”

मला रडू आलं. मी कागद तिच्या हातून ओढून घेतला आणि पहिल्या प्रश्नापासून खोडायला लागले. दोनच प्रश्न झाले असतील, बाहेर ह्यांनी गाडीचा हॉर्न वाजवला. कधी कशाची घाई नसलेली माझी नणंद नेमकी त्या दिवशी घाईत होती. बाकीची उत्तरं मला तिलाच सांगायची होती.