अव्वा, अंदमान आणि ओले टॉवेल

लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून आमच्या ह्यांनी अंदमानची तिकिटं काढली आणि मोठ्या कौतुकानं माझ्या हातात दिली. मी मोजली. तीन होती.

"तिसरं कुणाचं?"

"अव्वाला एकटं कसं ठेवायचं?"

अव्वा म्हणजे माझ्या सासूबाई. चौऱ्याहत्तर वर्षांच्या, काटक, आणि सोलापूरच्या सिद्धेश्वरापलीकडे कधी न गेलेल्या. मी दोन दिवस ह्यांच्याशी बोलले नाही. आमच्या शाळेतल्या सगळ्या बाईंना मी आधीच सांगून बसले होते, की आम्ही दोघंच चाललोय. आता त्यांना तोंड कसं दाखवायचं?

खरं तर अव्वांनाही यायचं नव्हतं. आमचं गाव सास्तूर, त्र्याण्णवच्या भूकंपात पडलेलं. "जमीन हलल्याली बघितलीय म्या," त्या म्हणायच्या. "पाणी तर रोजच हलतंय. तितं कशाला जायचं?" पण लेकापुढं त्यांचं काही चाललं नाही, आणि माझं तर नाहीच नाही.

आम्ही लिंगायत. अव्वांच्या गळ्यात लहानपणापासून इष्टलिंग आहे. ते अंगावेगळं करायचं नाही, आणि सकाळी अंघोळीनंतर तळहातावर घेऊन त्याची पूजा झाल्याशिवाय पाण्याचा घोटही घ्यायचा नाही, हा त्यांचा नेम. बाळंतपणात, तापात, भूकंपानंतर पत्र्याच्या शेडमध्ये राहतानाही तो मोडला नाही म्हणतात. माझंही इष्टलिंग आहे, पण ते देवघरातल्या डबीत असतं आणि मी सणावाराला त्याची आठवण काढते. अव्वांनी त्यावरून मला कधी टोचून बोललेलं नाही, हे मात्र कबूल करायला हवं.

निघायच्या आदल्या दिवशी शेजारच्या काकूंनी त्यांना सांगितलं, की विमानतळावर गळ्यातलं सगळं काढून ट्रेमध्ये टाकायला लावतात. रात्रीतून अव्वांनी लिंग चांदीच्या डबीतून काढलं, पांढऱ्या कापडात गुंडाळलं आणि गळ्यात बांधलं. पूर्वीच्या बायका तसंच बांधायच्या. डबी राहिली घरी. हे त्यांनी कुणालाच सांगितलं नाही. पंचवीस वर्षं मी त्यांच्या गळ्यात ती डबीच बघत आले होते.

उमरग्याहून हैदराबादची बस मिळाली ती उभं राहून जायची. विमानतळावर अव्वा यंत्रातून गेल्या तर यंत्र गप्प, आणि मी गेले की ओरडायला लागलं. बांगड्या, पिना, जोडवी, एकेक करून माझी सगळी झडती झाली. अव्वा पलीकडे उभ्या राहून शांतपणे बघत होत्या. मग त्यांचं गाठोडं उघडलं गेलं. धपाटे, शेंगाची चटणी, पुन्हा धपाटे. तपासणाऱ्यानं चटणीचा वास घेतला.

"चाखून बगा की," अव्वा म्हणाल्या. तो माणूस हसला आणि गाठोडं बांधून दिलं. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटत होतं.

पुढं चेन्नईला विमानाला पाच तास उशीर. खुर्चीत बसून माझी कंबर धरली, हे तोंड उघडं टाकून झोपले, आणि आजूबाजूची माणसं महागडे सामोसे घेत असताना आम्ही तिघांनी मांडीवर कागद पसरून धपाटे खाल्ले. चव छान होती, हे मी तेव्हा मुद्दाम बोलले नाही.

पोर्ट ब्लेअरहून बोटीनं बेटावर पोचलो तोवर माझा सगळा उत्साह घामात गेला होता. असली दमट हवा, की धुतलेला रुमाल दोन दिवसांत वाळेना. पण खोलीचं दार उघडलं आणि समोर समुद्र दिसला, आणि खरं सांगते, मी भांडायचंच विसरले. हिरवा, निळा, मग पुन्हा हिरवा. आमच्याकडं टँकर आला की घागरी घेऊन पळायचं, आणि इथं एवढं पाणी नुसतं पडलेलं!

पहिल्या दिवशी अव्वा नारळाच्या झाडाखाली बसून लांबूनच बघत राहिल्या. दुसऱ्या दिवशी घोट्यापर्यंत गेल्या. चवथ्या दिवशी, आमच्या निघायच्या सकाळी, लुगडं खोचून पाण्यात चक्क बसल्या. लाट अंगावर आली की लहान पोरीसारख्या हसायच्या. एवढ्या मोठ्यानं हसताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. मीही शेजारी बसले. "हे बरं हाय गं," त्या म्हणाल्या, "पर एक तांब्या प्यायच्या कामाचं न्हाय."

परतीची बोट अकराची होती. खोलीवर येऊन त्यांनी गोड्या पाण्यानं अंघोळ केली. लिंगाचं कापड खाऱ्या पाण्यानं भिजलं होतं, म्हणून त्यांनी ती गाठ गळ्यातून काढली, खुर्चीवरच्या घडीच्या टॉवेलवर ठेवली, वर टॉवेलचं टोक ओढलं आणि कोरडं कापड नि विभूती काढायला पिशवीकडे वळल्या. विभूतीची डबी मी पिशवीच्या अगदी तळाशी कोंबली होती. त्यामुळं त्या बराच वेळ तिथंच वाकून होत्या.

तेवढ्यात दारात टॉवेल न्यायला बाई आली. मी घाईत, रागात, ह्यांच्यावर "आवरा, आवरा" म्हणून ओरडत, पलंगावरचे, न्हाणीतले, खुर्चीवरचे सगळे टॉवेल एका मिठीत गोळा केले आणि तिच्या टोपलीत टाकले.

अव्वा वळल्या. खुर्ची मोकळी होती. त्यांनी खुर्चीवरून हात फिरवला, खाली बघितलं, मग माझ्याकडं बघितलं. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता.

"काय गं अव्वा?" ह्यांनी विचारलं.

"लिंग दिसंना," त्या म्हणाल्या. "वाळूत पडलं आसंल. पळ, म्या बसल्याली जागा बघ."

हे अनवाणीच धावत सुटले. ते दिसेनासे झाल्यावर अव्वा हळू आवाजात म्हणाल्या, "हितले टावेल कुठं गेले, बघ जरा."

टॉवेल तर मीच देऊन टाकले होते. पाणी समोर ठेवलं होतं, त्यांनी पेला बाजूला सारला. मला माहीत होतं, लिंग मिळालं नाही तर ही बाई बोटीत बसेल, विमानात बसेल, घरी येईल, पण घशाखाली काही उतरू देणार नाही. चौऱ्याहत्तराव्या वर्षी किती दिवस निभणार होतं ते?

हॉटेलच्या मागं कपडे धुण्याची शेड होती. मी चिखलातून धावत गेले. यंत्र घरघरत होतं आणि आत पांढरे टॉवेल फिरत होते. टॉवेल नेणारी ती बाई तिथंच उभी होती. तिला हिंदी येत नव्हती, मला तिची बोली. मी गळ्याला हात लावला, मुठीएवढी खूण केली, हात जोडले आणि रडायला लागले.

ती बाई आत गेली. शेडच्या कोपऱ्यात फळीवर तिचा स्वतःचा देव होता, त्याच्या शेजारी एक ओली कापडी गाठ ठेवलेली होती. वर जास्वंदीचं एक फूल. डबी नव्हती, पण चाचपून बघितलं तर आत लिंगच होतं. कापडावर उरलेले विभूतीचे डाग बघून हे कुणाचं तरी देवाचं आहे, एवढं तिला न सांगता कळलं होतं. मी तिच्या पायाच पडले. तिनं दचकून मला उठवलं.

खोलीत आले तेव्हा अव्वा भिंतीला टेकून डोळे मिटून बसल्या होत्या. मी गाठ त्यांच्या ओंजळीत ठेवली. त्यांनी ती कपाळाला लावली आणि कितीतरी वेळ तशीच धरून ठेवली. मग पूजा झाली, मग त्या एक पेलाभर पाणी प्यायल्या, आणि मी माझा श्वास सोडला.

हे परत आले ते गुडघ्यापर्यंत वाळूनं माखून. "गावलं बाबा," अव्वा म्हणाल्या. "पिशवीतच हुतं."

मग हे जे चिडले! जीव काढलास, नीट बघत जा, वय झालं आता, बोट चुकली असती. अव्वा खाली मान घालून ऐकत राहिल्या. मी बॅगेची चेन लावत राहिले.

बोट सुटली. हे कठड्याशी उभे होते. मी अव्वांशेजारी बसले आणि विचारलं, "तुम्हाला माहीत होतं ना? मग त्यांना वाळूत कशाला पाठवलंत?"

"माझ्यावर त्यो घटकाभर चिडतो," त्या म्हणाल्या. "तुझ्यावर चिडला आसता, तर जलमभर काढलं आसतं. माझ्या देवापायी तू का म्हून ऐकून घ्यायचं?"

मी उठले, कठड्याशी गेले आणि ह्यांना सगळं सांगून टाकलं. टॉवेल मीच दिले, आणि तुम्ही बोललात ते चुकीच्या माणसाला बोललात. ह्यांनी माझ्याकडं बघितलं, मग वळून आईकडं बघितलं. अव्वा आमच्याकडंच बघत होत्या आणि नको नको म्हणून मला हात हलवत होत्या.