ओक-चूनची मुशी

बू ओक-चून आमच्या मागच्या खोलीत राहायला आली तेव्हा तिच्याजवळ एक बोचकं, बुडी मारताना लावायचा चष्मा आणि दोन वल्ही एवढंच होतं. होडी नंतर आली. वल्ही आधी आणि होडी मागून, यावरूनच सोकपो गावाने तिच्याबद्दल पहिली शंका घेतली. वल्ही चोरीची असणार, असं ठरून गेलं.

तशी ती गावाला नवी नव्हती. कोरियाच्या दक्षिणेकडच्या जेजू बेटावरच्या पाणबुड्या बायका दर वसंतात आमच्या किनाऱ्यावर यायच्या, खडकावरचे मोठे शिंपले काढायच्या आणि थंडी पडली की परत जायच्या. ओक-चून त्यांच्यातलीच. पण एका वर्षी तिचा डावा कान वाहायला लागला, मग उजवा. बुडी बंद झाली. बाकीच्या गेल्या, ती राहिली. जेजूला तिचं कुणी उरलं नव्हतं. कसं उरलं नाही, हे तिने कधी सांगितलं नाही आणि आमच्या पिढीत असले प्रश्न कुणी विचारतही नसे.

"बुडी मारता येत नाही, मग इथे खाणार काय?" मी तिला विचारलं.

"मुशी धरीन, ताई."

मला हसू आलं. मुशी हा लहान शार्क मासा, आमच्या गावातल्या पुरुषांना ती म्हणजे जाळं फाडणारी ब्याद. सणाला लागणारी मुशी आम्ही बाजारातून आणायचो, खारवलेल्या जाड तुकड्यांची. ती समोरच्याच पाण्यातून आणावी, हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

"इतकी वर्षं माझ्या पायाखालून गेल्यात त्या," ती म्हणाली. "खडक संपून वाळू लागते ना, तिथे संध्याकाळी येतात. खेकडे शोधत फिरतात. कुठून वळतात तेही मला ठाऊक आहे."

वळण ठाऊक असणं वेगळं आणि गळाला लावणं वेगळं, हे तिला पहिल्याच आठवड्यात कळलं. एका विधवेकडून तिने जुनी होडी घेतली, तिच्या फटींत डांबर भरलं आणि तंगुसाच्या साध्या दोरीला गळ बांधून गेली. मुशीची कातडी कानशीसारखी. मासा अंगाला पीळ देऊन वळला की दोरी घासून तुटायची. गळ जायचे, मासा जायचा, ही बाई हात सोलून परत यायची. मग तिने गळाच्या वर हातभर पोलादी तार घातली. आमिषाला लावलेला बांगड्याचा तुकडा खेकडेच कुरतडून नेत, म्हणून तो आधी मिठात घालून घट्ट करायला लागली. पहिली मुशी मिळाली ती जेमतेम माझ्या दंडाएवढी. ती तिने तशीच आणून अंगणात टांगली आणि दुसऱ्या दिवशी अंगणात मुतारीसारखा वास सुटला. माझे यजमान जेवता जेवता उठले.

त्यानंतर मात्र ती होडीतच शेपटी कापून रक्त काढी, पोट साफ करी आणि घरी येताच कढत पाणी ओतून कातडीवरची वाळू शिंपल्याने खरवडून टाकी. पोटात पिल्लं असलेली मादी लागली तर सोडून देई. हे सगळं तिला कुणी शिकवलं नाही. शिकवायला कोण होतं? धक्क्यावर पुरुष उभे राहून बघत. बाईने होडीत पाय ठेवला की मासे पाठ फिरवतात, असं आमच्याकडे मानत. आणि इथे तर बाई एकटीच होडी घेऊन जात होती, मासेही घेऊन येत होती. त्यामुळे संशय कमी व्हायच्या ऐवजी वाढला.

त्यातून त्या पुड्या.

मासे धरायला जाताना ती पांढऱ्या कागदाची, सुतळीने बांधलेली एक लहान पुडी घेऊन जाई. खडकाच्या कडेला होडी थांबवी, हात जोडी आणि पुडी पाण्यात सोडी. मला पुढे जेजूच्या दुसऱ्या बायकांनी सांगितलं की तिकडे सगळ्याच जणी समुद्राच्या राजाला अशी तांदळाची पुडी देतात. त्या उन्हाळ्यात मात्र जेजूच्या बायका आल्या नव्हत्या आणि विचारायला कुणी नव्हतं. आणि त्याच उन्हाळ्यात मच्छीमार मंडळाच्या खडकावरचे शिंपले मरायला लागले. ओहोटीला रिकामे, उलटे पडलेले दिसायचे. पाणी नेहमीपेक्षा ऊन होतं, हे सगळ्यांच्या पायांना कळत होतं, पण पाण्यावर आळ घेऊन कुणाचं समाधान होणार?

ह्वांग बोंग-सू हा माकूळ मासे धरणाऱ्या मोठ्या होडीचा मालक. आवाजही तसाच मोठा. त्याने तिला धक्क्यावर अडवलं तेव्हा मी तिथे भाजी निवडत बसले होते.

"काय गं जेजूवाले, पुडीत काय असतं?"

"तांदूळ."

"माशांना भात? मग तोंडी लावायला किमची कोण वाढतं?"

लोक हसले. तीही थोडी हसली.

"उघडून दाखव."

"बांधलेली पुडी उघडत नाहीत. उघडली की ती देवाची राहत नाही."

"सोयीचं आहे."

"तुम्हाला गैरसोयीचं होत असेल तर बघू नका."

एवढं तिने बोलायला नको होतं. संध्याकाळपर्यंत गावभर झालं की जेजूवाली पाण्यात विष सोडते, म्हणून मुश्या गुंगून वर येतात, म्हणून शिंपले मरतात. विष टाकून मासे मारणारे लोक किनाऱ्यावर इतरत्र होतेच, त्यामुळे गोष्ट पटण्यासारखी होती. मी सिस्टरांच्या शाळेत शिकलेली, पुराव्याशिवाय बोलू नये हे माझ्या अंगी भिनवलेलं. पण मीसुद्धा स्वयंपाकघराच्या खिडकीतून तिच्या दाराकडे बघायचे. पुडी बांधताना ती दार लावून घ्यायची. देवाचं काम म्हणून लावते की दुसरं काही? मला सांगता येत नव्हतं. तिने दिलेला मुशीचा तुकडा मी एकदा घेतला आणि यजमानांना न सांगता पुरून टाकला.

माझे थोरले दीर नाम ग्यू-चॉल हे मच्छीमार मंडळाचे प्रमुख. धक्क्याजवळ कुणी कुठल्या खुंटाला होडी बांधायची ते मंडळ ठरवी. दिरांनी जाहीर केलं की छुसॉकचा, पूर्वजांना ताट मांडण्याचा सण झाला की बैठक घ्यायची आणि जेजूवालीच्या खुंटाचा निर्णय करायचा. खुंट गेला की होडी गेली, होडी गेली की ती गेली. कुठे, हा प्रश्न कुणी काढला नाही.

मी तिला सांगितलं. ती गळाची तार वाकवत होती.

"भावोजींकडे जाऊन एकदा पुडी उघडून दाखव. काय बिघडतं?"

"ताई, तुमच्या पूर्वजांच्या ताटातला घास तुम्ही आधी चाखून बघता का?"

"छे."

"का नाही?"

ती तार वाकवत राहिली.

सणाच्या आधी वादळ आलं. घाटातला रस्ता खचला आणि बाजारात मुशीचा तुकडा म्हणून आला नाही. आमच्या भागात पूर्वजांच्या ताटात सगळं असलं आणि काडीला लावून भाजलेली मुशी नसली तर ताट मांडलं असं कुणी म्हणत नाही. थोरल्या जाऊबाई सकाळपासून घरात येरझारा घालत होत्या.

"यंदा मुशीशिवाय करू," दीर म्हणाले.

"करा ना. पण मग तुमच्या आईसमोर तुम्हीच वाका आणि तुम्हीच सांगा की मुशी नाही. मी नाही सांगणार. जिवंतपणी मिठावरून मला बोलायच्या."

आईचं नाव निघालं की दिरांचा वाद तिथेच संपे. माझ्या मुलीचं नाव घेत, माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "यॉन-हीच्या आई, तुमच्या मागच्या खोलीत मुशी आहे म्हणतात."

"आहे."

"आजची?"

"काल संध्याकाळची. वादळ ओसरल्यावर गेली होती."

"पुडी टाकली होती?"

"ती रोजच टाकते, भावोजी."

त्यांनी जाऊबाईंकडे बघितलं. जाऊबाईंनी माझ्या हातात टोपली दिली.

ओक-चून आधी द्यायलाच तयार होईना. "सणाला लोक ताटभर खातात. उद्या कुणाचं पोट बिघडलं, तर मी कुठे तोंड लपवू?" मग जरा वेळाने आत गेली आणि दोरीवरची सगळ्यांत मोठी मुशी घेऊन आली. पाठीचे जाड तुकडे माझ्यासमोर कापले, मीठ चोळलं. पूर्वजांसाठी घेताना भाव करत नाहीत, तो तिने वाढवूनही सांगितला नाही.

सणाच्या पहाटे मी आणि जाऊबाई तुकडे काड्यांना लावून भाजत होतो. दीर पुन्हा पुन्हा दारात येऊन उभे राहत.

"वास कसा आहे?"

"मुशीसारखा," जाऊबाई म्हणाल्या.

"एक तुकडा कुत्र्याला घालून बघ."

जाऊबाईंनी चिमटा खाली ठेवला. "आधी कुत्रा आणि मग सासूबाई? मांडा मग पहिलं ताट कुत्र्याचंच. मी त्याच्यासमोर वाकते."

"डोकं तरी घाल. डोकं काही ताटात जात नाही."

"डोकं तिच्याकडेच राहिलं," मी म्हणाले.

"का राहिलं?"

"डोकं कोण देतं, भावोजी? बाजारातही तुकडेच मिळतात."

"हं." ते गेले आणि लगेच परत आले. "तू मीठ बघितलंस?"

"मीठ हाताने ठरवायचं असतं, जिभेने नाही," जाऊबाई म्हणाल्या. "हे तुमच्या आईनेच शिकवलंय."

चाखून बघायची सोयच नव्हती. ताट मांडलं, ऊद लावला, पुरुष ओळीने वाकले. सासूबाईंच्या आत्म्याला मुशी आवडली की नाही ते आम्हाला कळणार नव्हतं. त्यानंतर, रीतीप्रमाणे, पूर्वजांपुढची दारू आणि पहिला घास घरातल्या थोरल्याने घ्यायचा असतो. त्याने घेतल्याशिवाय बाकी कुणी खात नाही. पूर्वजांना वाढलेलं नाकारायचं तर प्रश्नच नाही.

दिरांनी दारू घेतली. मग भाताकडे हात नेला.

"आधी मुशी घ्या," जाऊबाई म्हणाल्या. "दर वर्षी आधी मुशीच घेता."

खोलीत माणसं भरलेली होती आणि कुणी हलत नव्हतं. दिरांनी काडी उचलली, खालून वरून बघितली, एक बारीक टोक तोडून तोंडात घातलं. बराच वेळ चावत राहिले. मी त्यांच्या गळ्याकडे बघत होते. गिळलं. मग थोडा वेळ तसेच बसून राहिले, आतून काही येतंय का ऐकत असल्यासारखे.

"आता आम्हालाही खाऊ द्याल का?" माझ्या यजमानांनी विचारलं.

"थांब." त्यांनी उरलेला तुकडाही खाल्ला. मग म्हणाले, "खा."

त्या दिवशी दुपारी ते झोपले नाहीत. पोटावर हात ठेवून ओसरीवर बसले होते. जाऊबाईंनी दोनदा विचारलं, दुखतंय का, तर म्हणाले, अजून नाही.

बैठक सणानंतर झाली. बायकांना आत जागा नसे, आम्ही दाराशी उभ्या होतो. ओक-चून सगळ्यांत मागे, डोक्याला फडका बांधून. ह्वांग बोंग-सू उठला. आपल्या हाताने वेचलेले मेलेले शिंपले त्याने टेबलावर ओतले.

"हे बघा. हे तिचं काम. ती विष टाकते आणि त्याच विषाने मेलेल्या मुश्या गावात विकते. आणखी काय पुरावा पाहिजे?"

दोघा-तिघांनी मान हलवली. दिरांनी मान हलवली नाही. त्यांचा चेहरा मला दिसत होता. तिच्यावर त्यांचा विश्वास बसला होता असं मला वाटत नाही. पुढेही कधी बसला नसावा. पण बोंग-सूच्या बोलण्याचा शेवट कुठे जातो, ते त्यांना त्याच्याआधी दिसलं.

"विषाने मेलेल्या?" ते म्हणाले.

"हो, प्रमुखसाहेब."

"छुसॉकला आमच्या ताटात तिचीच मुशी होती."

बोंग-सू थांबला.

"म्हणजे मी माझ्या आईच्या ताटात विष ठेवलं, असं म्हणतोस का तू? सगळ्यांसमोर?"

"तसं नाही म्हणत मी..."

"मग कसं म्हणतोस? वाढली मी, वाकलो मी, पहिला घास खाल्ला मी. नीट सांग."

बोंग-सूने शिंपले परत गोणीत भरायला घेतले. एकेक भरताना आवाज होत होता आणि दीर तो पूर्ण संपेपर्यंत त्याच्याकडे बघत राहिले.

"खुंट जिथे आहे तिथे राहील," ते शेवटी म्हणाले. "पुढचा विषय."

मी मागे वळले तर ओक-चून तिथे नव्हती. भरतीची वेळ होती. ती मला होडीजवळ सापडली, आमिष मिठात घोळवत होती. मी तिला सगळं सांगितलं, कोण काय बोललं तेही.

तिने मान खाली घालून ऐकलं. मग विचारलं, "तुकडे आतपर्यंत शिजले होते का? पाठीचे जाड असतात."

"भावोजींनी अख्खा तुकडा खाल्ला."

"मग शिजले असतील," ती म्हणाली आणि होडी पाण्यात लोटायला मला हात लावायला सांगितलं. धक्क्यावरून दोघे-तिघे आमच्याकडे बघत होते. मी हात लावला.