सगुणाबाईंचे राहिलेले देश

मुरुडच्या अलीकडे एका वाडीत सगुणाबाई राहत. कपाळावर ठसठशीत कुंकू, आणि दुपारी पडवीत बसून आफ्रिकेतल्या कुठल्यातरी देशाचं पुस्तक मोठ्यानं वाचायच्या. बायका म्हणत, हिला वाचनाचं वेड लागलं. वेड नव्हतं ते.

त्यांचे यजमान बुधाजी आगबोटीच्या भट्टीवर कोळसा टाकायला होते. सत्तेचाळीसच्या दिवाळीनंतर बोटीवर गेले. पुढच्या वैशाखात म्हसळ्याचा एक खलाशी निरोप घेऊन आला, की बुधाजी तापानं फणफणला म्हणून त्याला मोंबासाला उतरवून बोट पुढं गेली. घरात दुसरं कुणी नव्हतं. धाकटा दीर धर्माजी मुंबईला गोदीत. सगुणाबाईंना अक्षर येत नव्हतं. त्या मुरुडच्या बाजारात पत्रं लिहून देणाऱ्याकडे गेल्या.

"नाव सांगा," तो म्हणाला.

नवऱ्याचं नाव तोंडानं घ्यायचं कसं? पदर ओठांशी धरून त्या म्हणाल्या, "धर्माजी आमचे दीर. त्यांचे थोरले."

पाठीमागे माणसं खोळंबली होती. त्यानं मान हलवली, लिहिलं, घडी घातली.

दोन महिन्यांनी मोंबासाच्या मराठी मंडळाचं उत्तर आलं. पत्र लिहिणाऱ्यानंच त्यातला सारांश सांगितला, त्या नावाचा खलाशी कुठल्याही दवाखान्यात नाही. म्हणजे बरे होऊन दुसऱ्या बोटीवर चढले असतील, असं धरून सगुणाबाईंनी देवापुढं साखर ठेवली आणि पत्र ट्रंकेत.

पाच वर्षांनी वाडीत प्रौढांचे वर्ग निघाले. सत्यवतीबाई मास्तरीण शिकवायच्या. अक्षर जुळायला लागलं तेव्हा सगुणाबाईंनी पहिल्यांदा ते पत्र काढलं. बोट ठेवून वाचलं. त्यात लिहिलं होतं, 'धर्माजी'.

तिथं त्यांचा माणूस खाटेवर पडला होता, आणि चौकशी दुसऱ्याचीच झाली होती.

सगुणाबाईंनी खरं नाव पाटीवर लिहून दाखवलं आणि सत्यवतीबाईंनी त्या नावानं पुन्हा पत्र धाडलं. उत्तर आलं, त्या सालचे कागद राहिलेले नाहीत. बरे झालेले खलाशी मिळेल त्या बोटीनं मिळेल तिकडे जातात.

"मिळेल तिकडे म्हणजे कुठं, बाई?"

सत्यवतीबाईंनी आफ्रिकेचा नकाशा उघडला. सगुणाबाईंनी त्यावरचे देश मोजले. मग म्हणाल्या, "ह्या सगळ्या देशांची पुस्तकं आणाल?"

मुरुडच्या वाचनालयातून, अलिबागहून पुस्तकं येऊ लागली. प्रवासवर्णनं, लोककथा. इंग्रजी असलं तर सत्यवतीबाई मराठीत सांगत आणि सगुणाबाई वहीत उतरवून घेत. बंदराचा फोटो आला की एकेका चेहऱ्यावरून बोट फिरवत. कधी पान उलटताना कोळशाच्या धुराचा वास यायचा. त्या उठून चूल बघायच्या. चूल विझलेली असायची.

"ह्या देशाला तर समुद्रच नाही, सगुणाताई," सत्यवतीबाई एकदा म्हणाल्या.

"चालत गेले असतील तर?"

साठ साल संपत आलं. माणूस हरवून बारा वर्षं झाली की पुतळा करून दहन द्यायचं, ही रीत. धर्माजी मुंबईहून आला.

"वयनी, दादा माझ्या सपनात येतो. भिजलेला. दारात उभा राहून पानी मागतो नि आत येत न्हाय. आता करून टाकू."

"देश वाचून होऊ देत, भावजी."

"अगो, पेपरात बघ! ह्या सालात आफ्रिकेत सतरा नवे देश झाले. तुझे देश सपायचे हायत व्हय?"

त्या हसल्या नाहीत. कुंकू पुसायला त्या भीत नव्हत्या. आपल्याच लाजेनं हरवलेल्या माणसाला आपल्याच होकारानं मारायचं, हे त्यांच्यानं होत नव्हतं.

दोन वर्षं अशीच गेली. मग एक लोककथांचं पुस्तक आलं. त्यात एका गोष्टीत नदीनं नेलेला माणूस काठाकाठानं फिरत राहतो. घरच्या माणसानं नावानं हाक मारल्याशिवाय त्याला वाट सापडत नाही. त्याची बायको नुसतीच रडत असते.

सगुणाबाईंनी पुस्तक मिटलं. त्या दिवशी पुढं वाचलं नाही. धर्माजीला पत्र मात्र स्वतःच्या हातानं लिहिलं, या.

पळसाच्या पानांचा पुतळा झाला, दहन झालं. दहाव्याला सकाळी समुद्राकाठी पिंड ठेवला. कावळे माडावर बसून होते, एकही खाली उतरेना. धर्माजी हात जोडून म्हणाला, "दादा, वयनीला मी सांभाळीन." कावळे हलले नाहीत. "घरावर तुझं नाव लावीन." तरी नाहीत. ऊन चढलं. भटजी म्हणाले, "दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववू या आता."

"थांबा," सगुणाबाई म्हणाल्या. पदर तोंडाशी नव्हता. ओल्या वाळूत पाय रोवून त्या पाण्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

"बुधाजी!"

जन्मात पहिल्यांदा. धर्माजीनं मान खाली घातली.

"बुधाजी, चूक माझी होती. राहिलेले देशही मी वाचीन. मोठ्यानं वाचीन. जिथं असाल तिथं ऐका, नि या."

माडावरून एक कावळा उतरला आणि सरळ पिंडावर आला.

त्या दिवसापासून धर्माजीच्या स्वप्नात कुणी आलं नाही. सगुणाबाई दुपारी पडवीत वाचत राहिल्या. एक फरक झाला. वाचायला बसण्याआधी त्या समोर पाट मांडत आणि पाण्याचा तांब्या भरून ठेवत. वाचून उठताना त्यात डोकावत. पाणी किती उरलं, ते त्यांनी कधी कुणाला सांगितलं नाही.